पचन, रक्तशर्करा आणि भूक यांचे नियमन

अन्न किती वेगाने पुढे ढकलायचे, रक्तातली साखर कुठे साठवायची आणि हात कधी आखडता घ्यायचा, हे ठरवणारी मज्जातंतू व संप्रेरके यांची सामाईक यंत्रणा. बेळगाव, खानापूर, निपाणी या सीमाभागात ‘शुगर’ हा घरोघरचा विषय असला, तरी चर्चा बहुधा गोडापाशीच अडते. प्रत्यक्षात साखर रक्तात पोचण्याआधीच शरीर तिच्या तयारीला लागलेले असते.

बेळगावात कुंदा या मिठाईचा खवा साखरेसह परतून तपकिरी होऊ लागला, की नुसत्या वासाने तोंडाला पाणी सुटते. त्याच सुमारास मेंदूचा निरोप व्हेगस मज्जातंतूतून जठराकडे जातो आणि आम्लरस पाझरतो. स्वादुपिंडही थोडे इन्शुलिन, म्हणजे रक्तातली साखर पेशींत साठवायला लावणारे संप्रेरक, सोडते. पाचकरसांवरील अशा संशोधनासाठी रशियन शास्त्रज्ञ इव्हान पाव्हलॉव्ह यांना १९०४ साली नोबेल पारितोषिक मिळाले. त्याआधीच, १९०२ मध्ये, लंडनमध्ये बेलिस आणि स्टार्लिंग या शास्त्रज्ञांनी कुत्र्याच्या आतड्याच्या एका तुकड्याकडे जाणारे मज्जातंतू तोडून तिथे आम्ल सोडले होते. तरीही स्वादुपिंडातून रस आलाच. निरोप रक्तातून गेला होता. तो नेणारे संप्रेरक म्हणजे सिक्रेटिन.

जेवणातले तूप-तेल लहान आतड्यात उतरले की कोलेसिस्टोकायनिन स्रवते. त्यामुळे पित्ताशय आकुंचन पावते, जठर सावकाश रिकामे होते आणि पोट भरल्याची जाणीव होते. जीएलपी-१ आणि जीआयपी ही आतड्याची संप्रेरके स्वादुपिंडाला आगाऊ वर्दी देतात. म्हणूनच तेवढेच ग्लुकोज शिरेतून देण्यापेक्षा तोंडावाटे दिले तर इन्शुलिन बरेच जास्त स्रवते. टाइप २ मधुमेहात हा फरक कमी होतो. सेमाग्लुटाइडसारखी औषधे जीएलपी-१ चेच काम करतात.

‘भात सोडला, भाकरी धरली, आता काळजी नाही’ हा समज या भागात पक्का आहे, पण तो अर्धाच खरा. जोंधळ्यातल्या पिष्टाचेही शेवटी ग्लुकोजच होते. भाकरी किती, आणि तिच्याबरोबर पालेभाजी, डाळ, उसळ किती, हे पाहावेच लागते.

उपाशीपोटी उलटा व्यवहार चालतो. ग्लुकागॉन या स्वादुपिंडातल्याच दुसऱ्या संप्रेरकाच्या सांगण्यावरून यकृत साठवलेली साखर रक्तात सोडते. निरोगी माणसात तेव्हाची पातळी साधारण ७० ते १०० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर असते.

भुकेचे मुख्य ठाणे मेंदूतल्या हायपोथॅलॅमसमध्ये आहे. जठरातले घ्रेलिन (शोध १९९९) भूक चेतवते. चरबीतले लेप्टिन (१९९४) साठा पुरेसा असल्याचे कळवते. घ्रेलिन नेहमीच्या जेवणवेळेआधी वाढते, म्हणून ठरल्या वेळी पोटात कावळे ओरडतात. निपाणी हा तंबाखूचा पट्टा, आणि तंबाखूने भूक मरते हे खरेच आहे: निकोटिन हायपोथॅलॅमसमधल्या भूक दाबणाऱ्या पेशींना उत्तेजित करते. त्यामुळे शुगर मात्र सुधारत नाही. धूम्रपानाने टाइप २ मधुमेहाचा धोका उलट वाढतो.

जुन्या मधुमेहात खुद्द व्हेगस मज्जातंतूलाच इजा होऊ शकते. मग जठर नीट रिकामे होत नाही, चार घासांत पोट गच्च होते, मळमळते. अशा वेळी जेवणाआधी घेतलेले इन्शुलिन आपले काम सुरू करते आणि अन्न मात्र जठरातच पडून राहते. जेवूनही साखर घसरते, आणि काही तासांनी एकदम चढते. अशा रुग्णाचा डोस ठरवताना जेवण किती वेळ पोटात राहते, हे डॉक्टरांना कळणे आवश्यक असते.