मुतखडा आणि चयापचय: पार्श्वभूमी

युरिक ॲसिड (शरीरात तयार होणारा एक टाकाऊ पदार्थ) १७७६ मध्ये सापडले तेच मुतखड्यात. पुढे १९८० मध्ये शरीराबाहेरून आघातलहरी सोडून खडा फोडता येऊ लागला आणि तो मुळात का होतो, हा प्रश्न बराच मागे पडला.

चयापचयाचा धागा हाती लागला तो २००० नंतर. खरी गोम लघवीच्या आम्लतेत निघाली. शरीरातले आम्ल बाहेर टाकताना मूत्रपिंड त्याला अमोनियाची जोड देते. इन्सुलिनला नीट दाद न देणाऱ्या शरीरात हा अमोनिया कमी पडतो आणि लघवीचा पीएच (आम्लतेचे माप; आकडा जितका कमी तितकी आम्लता जास्त) ५.५ च्या खाली राहतो. तिथे युरिक ॲसिडचे खडे धरू लागतात. पीएच साडेसहा असला की तेच बहुतांशी विरघळलेले असते. म्हणून सायट्रेट देऊन आम्लता उतरवली की असा खडा शस्त्रक्रियेविना विरघळू शकतो. साध्या एक्स-रेत मात्र तो सहसा दिसत नाही. २००५ मध्ये मोठ्या समूहांची वर्षानुवर्षांची नोंद पुढे आली: सुमारे १०० किलोच्या वर वजन असलेल्यांना ६८ किलोच्या आतल्यांपेक्षा खड्याचा धोका पुरुषांत जवळपास दीडपट, स्त्रियांत जवळजवळ दुप्पट.

गुंता झाला तो 'मेटाबॉलिक सिंड्रोम' या नावाचा, म्हणजे चयापचयाच्या एकत्र आढळणाऱ्या बिघाडांना दिलेल्या एकाच नावाचा. १९८८ मध्ये ही कल्पना मांडली गेली तेव्हा केंद्रस्थानी इन्सुलिनला होणारा प्रतिरोध होता. कंबरेचा घेर त्यात नव्हताच. २००१ च्या व्याख्येने इन्सुलिनची अट काढली आणि घेर, रक्तदाब, साखर, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी), एचडीएल ('चांगले' कोलेस्टेरॉल) या पाचांपैकी कोणतेही तीन पुरेसे ठरवले. दवाखान्यात मोजायला हे सोपे, हे मान्य. पण मुतखड्याची वाट जिथून जाते तीच गोष्ट यात गळाली, आणि माझ्या मते हे नुकसान कधी नीट भरून निघाले नाही. २००५ मध्ये घेर सक्तीचा झाला, पुरुषांसाठी १०२ सेंटिमीटरऐवजी आशियाई लोकांना ९० अशा वेगळ्या मर्यादा आल्या. त्याच वर्षी मधुमेहतज्ज्ञांच्या दोन संस्थांनी असा वेगळा आजार मानावा का, असाच सवाल केला. २००९ मध्ये तडजोड झाली आणि घेराची सक्ती गेली. इन्सुलिन मात्र परत आले नाही, लघवीचा पीएच तर कधीच विचारात नव्हता. कंबर बेताची, बाकी आकडे काठावर आणि पीएच ५.२ असा माणूस या चाळणीतून सहज निसटतो, मग वारंवार खडे होत असले तरी.

सर्वाधिक आढळणाऱ्या कॅल्शियम ऑक्झलेटच्या खड्यांचे कोडे अजून सुटलेले नाही. वजन जास्त असलेल्यांच्या लघवीत ऑक्झलेट जास्त जाते, पण त्यातले किती आहाराचे आणि किती चयापचयाचे, यावर एकमत नाही.