घरी बनवलेल्या शोभेच्या वस्तू, दागिने विकताय? मग कारागीर कार्ड काढून घ्या

मातीचे दिवे रंगवणं, बांबूचे लॅम्प, वारलीच्या फ्रेम्स, मण्यांचे दागिने, भरतकामाच्या पर्स असं काहीतरी घरात बसून करणारे आणि विकणारे कितीतरी जण आहेत, पण सरकार दरबारी आपली कारागीर म्हणून नोंद होते आणि तीही फुकट होते हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं, म्हणून हे सगळं एकदा नीट लिहून काढतेय.

पहिलं म्हणजे पहचान कार्ड. केंद्राच्या वस्त्रोद्योग मंत्रालयात हस्तकला विकास आयुक्तांचं कार्यालय आहे, ते हे कार्ड देतं, 2016 पासून, आणि ते आधारशी जोडलेलं असतं. वय 18 पूर्ण हवं आणि तुम्ही स्वतः हाताने कला करत असायला हवं. ही दुसरी अट दिसते साधी पण सगळं तिच्यावरच अडतं. बाजारातून तयार मणी, तयार हुक, तयार पेंडंट आणून नुसतं ओवलं तर ती हस्तकला का, असा प्रश्न तुम्हाला विचारला जाणारच. सुप्रीम कोर्टाने 1995 साली एका निकालात हस्तकलेच्या दोन कसोट्या सांगितल्यात, वस्तू मुख्यतः हाताने केलेली हवी (थोडंफार मशीन वापरलं तरी चालतं) आणि तिच्यावर नक्षी, जडावकाम असं काहीतरी सजावटीचं काम हवं, तेही भरपूर, नावापुरतं नाही. फॉर्म भरायच्या आधी आपली वस्तू समोर ठेवा आणि यातलं माझ्या हातचं किती हे स्वतःलाच प्रामाणिकपणे विचारा. मातीला आकार तुम्ही दिला, बांबू तुम्ही तासला, टाके तुम्ही घातले तर बिनधास्त पुढे जा.

अर्ज इंडियन हँडिक्राफ्ट्स पोर्टलवर ऑनलाइन होतो. मोबाइल नंबर टाकायचा, ओटीपी येतो, मग नाव, पत्ता, शिक्षण, किती वर्षांपासून काम करताय वगैरे भरायचं. यात कलेचा प्रकार निवडताना घाई करू नका. आपण इन्स्टाग्रामवर जे फॅन्सी नाव वापरतो ते यादीत सापडेलच असं नाही, तिथे मातीकाम, लाकूडकाम, बांबू-वेत, धातूकाम, भरतकाम अशी ओळख असते, तेव्हा आपलं काम मुळात कशात बसतं ते बघून तेच निवडा कारण पुढची तपासणी त्याच कलेची होते. हातमागावर विणणाऱ्यांची नोंद वेगळी असते, ती हातमाग विभागाकडे, त्यांनी इथे भरू नये.

कागदपत्रं फार नाहीत. आधार, आधारला जोडलेला चालू मोबाइल नंबर, बँक पासबुक, पासपोर्ट साइज फोटो, जातीच्या प्रवर्गातून भरणार असाल तर जातीचा दाखला. शिवाय मी सांगेन की काम करतानाचे फोटो काढून ठेवा, नुसते तयार वस्तूचे नाही तर अर्धवट वस्तूचे, हत्यारांचे, कच्च्या मालाचे. आणि अर्ज करण्याआधी आधारवरचं नाव आणि पासबुकावरचं नाव एकदा शेजारी शेजारी ठेवून वाचा. आमच्या ओळखीतल्या एका काकूंचं आधारवर सासरचं आडनाव आणि बँकेत माहेरचं, दुरुस्तीच्या खेपा घालण्यातच त्यांचा सीझन गेला, इतकं वाईट वाटलं कारण त्यांच्या हातात खरंच कला आहे.

ऑनलाइन भरलं म्हणजे झालं नाही. त्यानंतर हस्तकला सेवा केंद्राकडून प्रत्यक्ष तपासणी होते, केंद्रात बोलावतात किंवा कॅम्प लागतो, आणि तिथे तुम्हाला समोर बसून काम करून दाखवावं लागू शकतं. मला ही पद्धत मनापासून आवडते, कागद कोणीही गोळा करेल पण सुई धरलेला हात लपत नाही. तेव्हा जाताना आपली स्वतःची हत्यारं, थोडा कच्चा माल आणि एक अर्धी झालेली वस्तू घेऊन जा, तिथे गेल्यावर शोधाशोध नको.

कार्ड मिळालं की गांधी शिल्प बाजारसारख्या सरकारी मेळ्यांमध्ये स्टॉलसाठी अर्ज करता येतो, प्रशिक्षण, टूलकिट, विमा, कर्जातली मदत अशा योजनांचं दार उघडतं. नुसतं कार्ड आलं म्हणून खात्यात पैसे येत नाहीत हे मात्र लक्षात ठेवा, प्रत्येक योजनेचा अर्ज वेगळा करावा लागतो. आणि कार्ड काढून देतो म्हणून कोणी पैसे मागत असेल तर सरळ नाही म्हणा.

दुसरी नोंद पीएम विश्वकर्मा, म्हणजे पारंपरिक कारागिरांसाठीची केंद्राची योजना, 17 सप्टेंबर 2023 ला सुरू झालेली. यात ठरलेले 18 व्यवसायच आहेत, आपल्या कामाचे म्हणाल तर कुंभार, मूर्तिकार, टोपल्या-चटया-झाडू करणारे, पारंपरिक बाहुल्या-खेळणी करणारे, हार-माळा करणारे, शिंपी, सुतार. मॅक्रमे किंवा रेझिनवाल्यांनी इथे वेळ घालवू नये. घरातली एकच व्यक्ती (नवरा, बायको, अविवाहित मुलं मिळून एक घर), सरकारी नोकरी घरात नको, आणि गेल्या 5 वर्षांत अशाच केंद्र-राज्याच्या स्वयंरोजगार योजनेचं कर्ज नको, मुद्रा किंवा स्वनिधीचं पूर्ण फेडलं असेल तर चालतं. नोंदणी सीएससी सेंटरवर (सरकारी कामं ऑनलाइन करून देणारं केंद्र) अंगठा देऊन, आधार, बँक पासबुक आणि रेशनकार्ड घेऊन. टूलकिटला 15,000 रुपयांपर्यंत, प्रशिक्षणात रोज 500 रुपये, आणि 5 टक्के व्याजाने आधी 1 लाख, ते फेडल्यावर 2 लाखांपर्यंत कर्ज.

तिसरी नोंद उद्यम रजिस्ट्रेशन, म्हणजे छोटा उद्योग म्हणून सरकारी नोंदणी, ती तर चहा होईपर्यंत होते, आधार आणि पॅन पुरे, फी नाही. फक्त पत्ता सरकारी पोर्टलचाच आहे ना बघा, कारण सर्चमध्ये सारख्याच दिसणाऱ्या खाजगी साइट वर येतात आणि त्या पैसे घेतात.

आता जीएसटी, ज्याची सगळ्यांना भीती. एरवी दुसऱ्या राज्यात माल विकला की जीएसटी नंबर घ्यावाच लागतो, पण ठरावीक हस्तकला वस्तूंना वर्षाच्या 20 लाखांच्या उलाढालीपर्यंत सूट आहे (काही विशेष राज्यांत 10 लाख). पॅन मात्र हवं, आणि दुसऱ्या राज्यात माल जातोय तर ई-वे बिल (माल पाठवण्याआधी ऑनलाइन काढायचा वाहतुकीचा कागद) काढावं लागतं, पार्सल कितीही छोट्या किमतीचं असलं तरी, इथेच लोक चुकतात. मोठ्या ऑनलाइन मार्केटप्लेसवर विकत असाल तर 1 ऑक्टोबर 2023 पासून नंबर नसलेल्यांना फक्त आपल्याच राज्यात विकता येतं, त्यासाठी जीएसटी पोर्टलवर पॅन टाकून एनरोलमेंट नंबर घ्यायचा. राज्याबाहेरच्या ऑर्डर मार्केटप्लेसवरून हव्या असतील तर नंबर घेऊनच सुरू करा.