अंधारात गप्प, उजेडात जंतूंचा काळ

काही रंग असे आहेत की अंधारात ते जंतूंना फारसं काही करत नाहीत आणि योग्य लाईट पडला की काही मिनिटांत त्यांचा खेळ खल्लास! १९००च्या सुमारास म्युनिकमध्ये ऑस्कर राब नावाचा विद्यार्थी पॅरामेशियम या एकपेशी जीवावर ॲक्रिडिन हा असाच एक रंग टाकून बघत होता, तर तेवढ्याच औषधात उजेडातले जीव पटापट मेले आणि अंधारातले आरामात जगले. पुढे पेनिसिलिन आलं आणि जंतूंसाठी हा उपाय मागेच पडला. आता अँटीबायोटिकला जंतू दाद देईनात म्हटल्यावर परत आठवला.

होतं असं की अशा रंगाचा रेणू लाईट पितो आणि ती ऊर्जा शेजारच्या ऑक्सिजनला देतो, मग तो ऑक्सिजन इतका खवळतो की समोर येईल ते जाळतो, जंतूचं आवरण, प्रोटीन, डीएनए, काहीही. हे सगळं काही मायक्रोसेकंदांत, तेही अगदी जवळच्या जवळ. अँटीबायोटिक बहुतेक वेळा एकाच ठिकाणी घाव घालतं, जंतू तेवढी जागा बदलून मोकळे होतात, इथे मात्र चारी बाजूंनी मार, म्हणून रेझिस्टन्स तयार होणं अवघड. ग्राम निगेटिव्ह नावाच्या गटातल्या जंतूंचं बाहेरचं आवरण मात्र चिवट, रेणू आत घेतच नाही, त्यावर तोड म्हणजे रेणूला पॉझिटिव्ह चार्ज द्यायचा, जंतूवर निगेटिव्ह चार्ज असतो ना, मग चिकटतो.

मला खरी गंमत वाटते ती ही की यातले बरेच रेणू चमकतातही, म्हणजे जंतू कुठे बसलेत ते आधी बघा आणि मग तिथेच मारा. काही जंतू तर असा रंग स्वतःच बनवतात! नागपूरच्या घामाच्या दिवसांत जांघेत, काखेत डाग येतात, लोक गजकर्ण समजून मलम चोपडत बसतात, स्किनच्या डॉक्टरने वूड्स लॅम्प, म्हणजे अल्ट्राव्हायोलेट दिवा धरला आणि डाग पोवळ्यासारखा लाल चमकला तर तो बहुतेक एरिथ्राझ्मा, म्हणजे बॅक्टेरिया, बुरशी नाहीच.

पण भाऊ, लाल लाईटसुद्धा शरीरात काही मिलिमीटरच शिरतो. हिरड्यांच्या खाचा, पिंपल्स, उघडी जखम इथे ठीक, रक्तात पसरलेल्या इन्फेक्शनला हे चालायचं नाही. डेंटिस्ट मिथिलीन ब्लू हिरडीत सोडून वर लाल लेझर मारतात, तेही नेहमीच्या सफाईच्या जोडीला. वरून लावलेला रंग तिथल्या तिथे राहतो हे बरंच आहे, कारण कॅन्सरसाठी याच जातीचं पोर्फिमर नावाचं औषध शिरेतून देतात तेव्हा पेशंटला निदान महिनाभर उन्हापासून लांब राहायला सांगतात, आणि मे महिन्यात नागपुरात ते कसं जमायचं ते तुम्हीच सांगा.