शाळेतला दमा आणि अ‍ॅलर्जी

दम्यात श्वासनलिका आतून सुजलेल्या आणि चटकन चिडणाऱ्या असतात, निमित्त मिळालं की त्या आवळतात, कफ साठतो आणि मुलाला धाप लागते. या निमित्ताला ट्रिगर म्हणतात आणि तो प्रत्येक मुलाचा वेगळा असतो, त्यामुळे सगळ्यांना एकच नियम लावून भागत नाही.

वर्गातले नेहमीचे ट्रिगर म्हणजे खडूची पूड, सतरंजीतले धुळीतले बारीक किडे, ओल्या भिंतीवरची बुरशी, झुरळं, उग्र परफ्युम, ताजा रंग. मांजराची अ‍ॅलर्जी तर शाळेत मांजर नसतानाही छळते, कारण ते कण दुसऱ्या मुलांच्या कपड्यांवरून वर्गात येतात. सफाई मुलं घरी गेल्यावर आणि ओल्या फडक्याने करावी, कोरडा झाडू मारला की धूळ नुसती उडते. सर्दी हा मात्र फार मोठा ट्रिगर आहे आणि तो काही पुसून काढता येत नाही.

पळाल्यावर धाप लागते म्हणून पोराला पीटीतून कायमचं बाजूला बसवतात, हे चूक आहे. दमा कंट्रोलमध्ये असेल तर खेळता येतं, डॉक्टरांनी सांगितलं असेल तर आधी पंप (इनहेलर) घ्यायचा आणि वॉर्मअप करायचा.

खरा घोळ पंपाचा होतो. तो ऑफिसच्या कपाटात कुलपात आणि किल्ली घेऊन शिपाई बाहेर, असं असेल तर त्याचा उपयोग शून्य. पंप मुलाच्या दप्तरात किंवा वर्गातच हवा. ब्रिटनमध्ये तर 1 ऑक्टोबर 2014 पासून शाळांना इमर्जन्सीसाठी स्वतःचा साल्ब्युटामॉलचा, म्हणजे श्वासनलिका चटकन मोकळ्या करणाऱ्या औषधाचा, पंप ठेवता येतो.

अ‍ॅटॅक आला की मुलाला ताठ बसवा, एकटं कुठेही पाठवू नका. ऑस्ट्रेलियात शिकवतात ती पद्धत लक्षात ठेवायला सोपी आहे: अशा औषधाच्या पंपाला स्पेसर (पंप आणि तोंड यांच्यामध्ये लावायची पोकळ नळी) जोडून त्यातून एकेक करून 4 पफ, प्रत्येक पफला 4 श्वास, मग 4 मिनिटं थांबायचं, फरक नाही पडला तर परत 4 पफ आणि तरीही नाही तर अ‍ॅम्ब्युलन्स. मूल एकेक शब्द तोडून बोलतंय, बरगड्यांमधली कातडी आत ओढली जातेय, ओठ निळसर दिसतायत, तर वाट न बघता लगेच अ‍ॅम्ब्युलन्स बोलवा आणि ती येईपर्यंत पफ देत राहा. घरघर थांबली पण मूल थकून गप्प झालं तर ते बरं होणं नाही, हवा आत जात नसल्याचं लक्षण असू शकतं.

शेंगदाणे, दूध, अंडं अशा खाण्याची अ‍ॅलर्जी असलेल्या मुलाला खाल्ल्यावर अचानक धाप लागली तर नुसता दमा समजू नका, त्याला डॉक्टरांनी अ‍ॅड्रेनालिनचं (गंभीर अ‍ॅलर्जीवरच्या औषधाचं) इंजेक्शन जवळ ठेवायला दिलेलं असेल तर आधी ते मांडीच्या बाहेरच्या बाजूला टोचायचं, पंप त्यानंतर.