पार्श्वभूमी : 'युअर लाय इन एप्रिल'मधला पियानो जपानात आला कुठून

'युअर लाय इन एप्रिल' ह्या जपानी अॅनिमेशन मालिकेबद्दल कुणी लिहायला बसलं की शेवटी रडू आलं, चित्रं काय सुंदर आहेत, गाणी डोक्यातून जात नाहीत, इथवर सगळे येतातच आणि ते सगळं खरंच आहे, मीही भरपूर रडलेय. पण मला पहिल्यांदा बघतानाच एक प्रश्न पडला होता आणि तो अजून सुटत नाही, की चौदा वर्षांच्या पोराला एक सूर इकडचा तिकडे होण्याची एवढी धास्ती का वाटावी? आई फार कडक होती हे उत्तर मालिकेतच मिळतं, पण मग त्या आईला तसं वागावंसं का वाटलं, परीक्षक कागदावर नेमकं काय टिपत बसलेत, आणि बाकीची मुलं एकाच मुलाला हरवायचं म्हणून वर्षानुवर्षं घासतायत ती का, हे समजायचं तर बरंच मागे जावं लागतं. म्हणून रिव्ह्यूच्या आधी ही पार्श्वभूमी.

ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. अराकावा नाओशीचा मांगा (जपानी कॉमिक्स) २०११ ते २०१५ चालला, ११ खंड, त्यावरून ए-वन पिक्चर्सने ऑक्टोबर २०१४ ते मार्च २०१५ मध्ये २२ एपिसोडचं अॅनिमे केलं. आरिमा कोसेई हा लहानपणापासून स्पर्धा जिंकणारा पियानिस्ट, लोक त्याला माणसातला मेट्रोनोम (ठेका मोजून देणारं यंत्र) म्हणतात, आई गेल्यावर त्याला स्वतःच्या पियानोचा आवाजच ऐकू येईनासा होतो आणि मग मियाझोनो काओरी ही व्हायोलिन वाजवणारी, नोटेशनला न जुमानणारी मुलगी त्याला ओढत परत स्टेजवर नेते. शेवट सांगत नाही.

आता मागे जाऊ. १८७२ साली मेजी सरकारने, म्हणजे जपानच्या तेव्हाच्या नव्या राजवटीने, शिक्षणाचा पहिला मोठा कायदा केला त्यात प्राथमिक शाळेत गायन हा विषय होता, पण त्याच्यापुढे लिहिलं होतं की तूर्तास हा वगळावा. कारण साधं होतं, शिकवणार कोण आणि शिकवायचं काय? सैन्याच्या बँडमध्ये पाश्चात्त्य वाद्यं आली होती पण वर्गातल्या मुलांसाठी काहीच नव्हतं. इसावा शुजी नावाचा तरुण अधिकारी १८७५ मध्ये शिक्षणपद्धती शिकायला अमेरिकेला गेला, तिथे बाकी सगळे विषय जमले पण पाश्चात्त्य सप्तक काही गळ्यातून निघेना, मग त्याने बोस्टनचे शिक्षक ल्यूथर व्हायटिंग मेसन यांना गाठलं. १८७९ मध्ये सरकारने संगीताच्या अभ्यासासाठी वेगळं खातं काढलं, १८८० मध्ये मेसन स्वतः टोकियोला आले आणि शाळेतल्या गाण्यांचं पुस्तक तयार झालं. शाळा सोडताना जपानी मुलं अजून जे 'होतारू नो हिकारी' गातात त्याची चाल स्कॉटलंडची आहे, ती ह्याच पुस्तकातून आली. १८८७ मध्ये त्या खात्याचं टोकियो संगीत विद्यालय झालं, आजचं टोकियो कला विद्यापीठ.

मला ह्यात महत्त्वाचं वाटतं ते हे की पाश्चात्त्य संगीत तिथे मैफलीतून किंवा देवळातून नाही आलं, ते सरकारी खात्यातून, अभ्यासक्रम म्हणून आलं, म्हणजे बरोबर आणि चूक हे दोन रकाने घेऊनच आलं. कानावर पडलेलं संगीत नव्हतं, त्यामुळे कागदावर लिहिलेलं तेवढंच प्रमाण.

ह्याच काळातली यामाहा तोराकुसुची गोष्ट मला फार आवडते. १८८७ मध्ये हामामात्सुच्या एका शाळेचा पायपेटीसारखा परदेशी ऑर्गन बिघडला, वैद्यकीय उपकरणं दुरुस्त करणाऱ्या ह्या माणसाला बोलावलं, त्याने तो खोलला, दुरुस्त केला आणि ठरवलं की असा आपणही बनवायचा. बनवलेला ऑर्गन काठीला बांधून, जोडीदाराबरोबर खांद्यावर घेऊन हाकोनेचा डोंगर ओलांडत साधारण अडीचशे किलोमीटरवरच्या टोकियोला, थेट संगीत विद्यालयात नेला. तिथे सांगण्यात आलं की वाद्य बरं आहे पण सूर चुकलेत. तो रडत घरी गेला नाही, तिथेच महिनाभर राहून सुरांचं शास्त्र शिकला आणि परत जाऊन दुसरा ऑर्गन केला. १८९७ मध्ये त्याची कंपनी झाली, १९०० मध्ये पहिला अपराइट पियानो. यामाहाच्या लोगोत तीन ट्युनिंग फोर्क (सूर जुळवायचे चिमटे) आहेत ते उगाच नाहीत. त्याच्याच हाताखाली तयार झालेल्या कावाई कोइचीने १९२७ मध्ये त्याच गावात स्वतःचं काम सुरू केलं.

वाद्यं झाली, वादकांचं काय? कोदा नोबू ही सरकारने संगीत शिकायला परदेशी पाठवलेली पहिली व्यक्ती, १८८९ मध्ये बोस्टन, मग व्हिएन्ना, १८९५ मध्ये परत येऊन प्राध्यापक, आणि १९०९ मध्ये वृत्तपत्रांनी मागे लागून लागून तिला विद्यालय सोडायला लावलं. ताकी रेंतारो लाइपझिगला १९०१ मध्ये पोचला, काही महिन्यांतच क्षयाने गाठलं, परत आला आणि जून १९०३ मध्ये गेला तेव्हा २३ वर्षांचा होता. त्याच वर्षी लिहिलेली त्याची पियानोवरची शेवटची छोटी रचना आहे, 'उरामी', ती ऐकून मग मालिकेतले हॉस्पिटलचे एपिसोड बघा, आजारी तरुण कलाकार ही जपानसाठी नुसती रडवायची युक्ती का नाही ते कळेल.

आणि कुनो हिसा. तिच्याबद्दल लिहिताना हात जड होतो. टोकियोतली सगळ्यात नावाजलेली पियानिस्ट, बेथोव्हेन वाजवण्यासाठी प्रसिद्ध, विद्यालयात शिकवणारी. १९२३ मध्ये ती युरोपात गेली, तिथे एमिल फॉन सावर ह्या मोठ्या पियानिस्टने तिला तंत्र अगदी पायापासून बदलावं लागेल असं सांगितलं म्हणतात. १९२५ मध्ये व्हिएन्नाजवळ तिने आयुष्य संपवलं. तिच्या मनात काय होतं हे मी सांगू शकत नाही पण तिकडचे लोक काय म्हणतील ही भीती त्या पिढीच्या हाडात होती, आणि शिकवण्यातून ती पुढे पुढे जात राहिली असं मला वाटतं. कोसेईच्या आईचा तो हट्ट, नोटेशनमध्ये आहे तस्सं, त्याच्या बाहेर पाऊल नाही, हा मला एका बाईचा स्वभाव वाटतच नाही, हे पिढ्यान्‌पिढ्यांचं ओझं आहे.

स्पर्धा सुरू झाल्या १९३२ मध्ये, तीच स्पर्धा आज एनएचके (जपानची सार्वजनिक प्रसारण संस्था) आणि माइनिची वृत्तपत्र मिळून घेतात. शाळकरी मुलांसाठी वेगळी, प्राथमिक, माध्यमिक, उच्च माध्यमिक अशा गटांची देशभरची स्पर्धा माइनिचीनेच १९४७ मध्ये सुरू केली, म्हणजे युद्ध संपून जेमतेम दोन वर्षं झालेली, शहरं अजून उभी राहतायत आणि पोरं प्राथमिक फेरीला बसतायत. मालिकेतल्या मोठ्या स्पर्धेचं नाव माइहो आहे, नाव काल्पनिक असलं तरी जपानी प्रेक्षकाला लगेच कळतं कुठली ते. नेमून दिलेली रचना, एकामागून एक तेच वाजवणारी मुलं, पडद्यामागची उलट्या येण्याइतकी घाबरगुंडी, हे सगळं तिथल्या कितीतरी घरांनी भोगलेलं आहे.

इथे एक धागा मला अचानक सापडला आणि मी खूश झाले. दुसऱ्या एपिसोडमध्ये काओरी बेथोव्हेनचा क्रॉइत्झर सोनाटा मनाला येईल तसा वाजवते, परीक्षक वैतागतात, पण प्रेक्षकांच्या पसंतीवर ती पुढच्या फेरीत जाते. १९३७ मध्ये वॉर्सातल्या, पोलिश संगीतकार शोपँच्या नावाच्या पियानो स्पर्धेत हारा चिएको ही जपानी मुलगी उतरली होती, तिला परीक्षकांनी बक्षिसात बसवलं नाही तर प्रेक्षकांनी गोंधळ घातला आणि तिला प्रेक्षकांचं खास बक्षीस मिळालं. अराकावाच्या डोक्यात हे होतं का, सांगता येणार नाही, पण कागद एकीकडे आणि हॉलमधली माणसं दुसरीकडे हे भांडण जपानी वादकांच्या वाट्याला फार आधीपासून आलेलं आहे.

युद्धानंतर दोन वाटा झाल्या. सुझुकी शिनिची, नागोयाच्या व्हायोलिन बनवणाऱ्याचा मुलगा, बर्लिनमध्ये शिकून आलेला, त्याने १९४६ पासून मात्सुमोतोमध्ये शिकवायला घेतलं. त्याचं म्हणणं असं की मूल मातृभाषा शिकतं तसंच संगीत शिकेल, आधी ऐकून ऐकून, नोटेशन नंतर. आणि त्यात आईबापाने, बहुतेक वेळा आईनेच, वर्गात बसायचं, आधी स्वतः थोडं शिकायचं, घरी रोज रियाज करून घ्यायचा. १९५५ मध्ये टोकियोत हजाराहून जास्त मुलं एकत्र वाजवली तेव्हा जग बघत राहिलं. दुसरी वाट साइतो हिदेओ आणि त्याच्या सहकाऱ्यांची, १९४८ मध्ये टोकियोत मुलांसाठी संगीत वर्ग, काटेकोर, शिस्तीचा, त्यातून ओझावा सेइजी आला आणि १९५९ मध्ये बझाँसाँची कंडक्टरांची स्पर्धा जिंकला. यामाहानेही १९५४ पासून मुलांचे वर्ग काढले, हातात पैसा आला तसा मध्यमवर्गीय घरात पियानो आला, मुलीला पियानो शिकवणं हे घराचं लक्षण झालं.

सुझुकीला आई हवी होती ती प्रेमाने शेजारी बसणारी. पण आईला शिक्षकाच्या खुर्चीत बसवलं की आई कुठे संपते आणि परीक्षक कुठे सुरू होतो हे त्या मुलाला कळत नाही, आणि कोसेईचं नेमकं तेच झालंय. त्याला आईवर रागही धरता येत नाही आणि रियाज सोडताही येत नाही. मालिका ह्या जागी इतकी खरी आहे की मला दोनदा थांबवून पाणी प्यावं लागलं.

मांगात हे सगळं यायला बराच वेळ लागला. इश्शिकी माकोतोने १९९८ मध्ये 'पियानो नो मोरी' सुरू केला, जंगलात टाकून दिलेल्या पियानोवर शिकलेला मुलगा थेट वॉर्साच्या शोपँ स्पर्धेपर्यंत. २००१ मध्ये निनोमिया तोमोकोचा 'नोदामे कांताबिले', त्यावर २००६ मध्ये टीव्ही ड्रामा आणि २००७ मध्ये अॅनिमे आलं, आणि ज्यांनी कधी बेथोव्हेन ऐकला नव्हता असे लोक सीडी घ्यायला लागले. नोदामेची गंमत पण हीच आहे, कानाने वाजवणारी, नोटेशनला कंटाळणारी मुलगी. ह्या दोन्हींनी वाट करून दिली. अराकावाने मात्र आपली गोष्ट मुलांच्या मासिकात दिली आणि त्याआधी त्याने फुटबॉलवर मांगा केला होता, ते इथे जाणवतं. टाकेशी आणि एमी हे प्रतिस्पर्धी, त्यांच्या वादनाला दिलेला भरपूर वेळ, फेऱ्या, विंगेत उभं राहून दुसऱ्याचं ऐकणं, हा सगळा साचा खेळाच्या मांगाचा आहे. काहींना तो लांबतो म्हणून आवडत नाही, मला वाटतं त्या साच्याशिवाय स्पर्धेतलं एकटेपण इतकं दिसलं नसतं.

अॅनिमेला एक गोष्ट मिळाली जी मांगाला कधीच मिळत नाही, आवाज. कोसेईसाठी साकाता तोमोकी आणि काओरीसाठी शिनोहारा युना हे खरे तरुण वादक घेतले, त्यांचं वादन शूट करून त्यावरून बोटं आणि व्हायोलिनचा बो (गज) चितारला. म्हणून बोटं योग्य पट्टीवर पडतात. साकाता २०१६ मध्ये बुडापेस्टला, हंगेरियन संगीतकार लिस्टच्या नावाची स्पर्धा जिंकला. २०१८ च्या 'पियानो नो मोरी' अॅनिमेत शिक्षकाचा पियानो वाजवणारा सोरिता क्योहेई २०२१ मध्ये खऱ्या शोपँ स्पर्धेत दुसरा आला, म्हणजे त्या गोष्टीत जी स्पर्धा काढली होती तीच.

आता शेवटची गोष्ट, आणि ही कळल्यावर मी मालिका परत बघितली. आई कोसेईला झोपवताना पियानोवर वाजवायची ते 'लीबेसलाइड', प्रेमाचं दुःख. मूळ रचना फ्रिट्झ क्राइसलर ह्या व्हायोलिनवादकाची, व्हायोलिनसाठी, १९०५ मध्ये छापलेली, आणि क्राइसलरने ती सुरुवातीला स्वतःची म्हणून सांगितलीच नव्हती, योजेफ लानर ह्या जुन्या व्हिएन्नाच्या संगीतकाराच्या नावावर खपवली होती. नंतर कबूल केलं. पुढे १९२१ मध्ये रशियन संगीतकार राखमानिनोव्हने तिला पियानोवर आणलं आणि आणताना मनसोक्त बदललं, नवे सूर, नव्या वाटा. मुलाला एक टिंबही बदलू न देणाऱ्या त्या आईने झोपवायला निवडलेली ही चीज आधी खोट्या नावाने आली होती आणि मग दुसऱ्याने आपल्या मनासारखी करून घेतली होती, आणि पुढे एका मैफलीत काओरी येत नाही, कोसेई एकटाच स्टेजवर बसतो तेव्हा तो हीच वाजवतो.