कमोडोर ६४ : मेमरी ६४ केबी की ३८ केबी?

१९८२ सालचा कमोडोर ६४ हा घरगुती संगणक सुरू केला, की निळ्या पडद्यावर '३८९११ बेसिक बाइट्स फ्री' ही ओळ उमटे (बेसिक ही त्यातली प्रोग्रामिंगची भाषा) आणि तिच्यावरूनच यंत्रात खरी रॅम, म्हणजे लिहिता-वाचता येणारी मेमरी, ३८ केबी असून ६४ हा आकडा निव्वळ जाहिरातबाजी आहे, असा समज रूढ झाला. तो चुकीचा आहे. रॅम पूर्ण ६४ केबीच होती. मात्र ६५१० प्रोसेसरला एका वेळी तेवढेच पत्ते (मेमरीतील जागांचे क्रमांक) दिसत असल्याने बेसिक आणि कर्नल (यंत्राचा मूळ कारभार पाहणारा प्रोग्राम) यांचे प्रत्येकी ८ केबीचे रॉम, म्हणजे फक्त वाचता येणारी कायमची मेमरी, त्याच पत्त्यांवर बसवले होते व त्यांच्याखालची रॅम झाकली जाई. पत्ता क्रमांक १ मधील बिट बदलले, की हे झाकण दूर होई आणि यंत्रभाषेत लिहिणारे ते सर्रास करत. बेसिकच्या वाट्याला २०४९ ते ४०९५९ हे पत्ते, म्हणजे मोजून ३८९११ बाइट येत. गंमत म्हणजे ४९१५२ पासूनची ४ केबी रॅम उघडीच असे, पण बेसिक तिला हिशेबात धरतच नसे.