अकरा टन उभे, दोन टन आडवे

बोअरच्या मोटरचा शाफ्ट घेऊन मी अंबडमधल्या एका लेथवर बसलो होतो. मे महिना, दुपारचे दोन, वर पत्रा तापलेला. दारात टेम्पो थांबला आणि दोघांनी मिळून एक चकचकीत दांडी उतरवून गोणपाटावर ठेवली. एका टोकाला डोळा, म्हणजे पिन बसायचं भोक. दुसऱ्या टोकाला आटे.

"मामा, जरासा वाकलाय," बावीस-तेविशीचा ऑपरेटर म्हणाला.

मिस्त्रींनी दांडी पायानं लोटली. सरळ असती तर गडगडत भिंतीपर्यंत गेली असती. ही डुगडुगत अर्धा वेढा गेली आणि कुशीवर पडून राहिली.

"ह्याला जरासा म्हणतेत व्हय?"

तो बकेटच्या सिलिंडरचा रॉड होता. ट्रॅक्टरच्या मागं खोदकामाचा हात बसवून घेतलेला. कंपनी कुठलीही असो, गावात त्याला जेसीबीच म्हणायचं. जोसेफ सिरिल बॅमफर्ड या इंग्रजाची ती आद्याक्षरं आपल्याकडं केव्हाच सामान्यनाम होऊन बसली आहेत. शेततळ्याचं काम होतं, पावसाच्या आत संपवायचं होतं, आणि तासावर पैसे मिळणारं यंत्र बांधावर उभं होतं. कसा वाकला विचारल्यावर ऑपरेटरनं तेच सांगितलं जे सगळे सांगतात: "लोड आला."

लोड म्हणजे किती, हे आधी पाहू. असल्या सिलिंडरच्या पिस्टनचा व्यास ९० मिलिमीटर धरा. म्हणजे त्याचं तोंड सुमारे ६३.६ चौरस सेंटिमीटरचं. पंपाचा दाब चौरस सेंटिमीटरला १८० किलो असेल तर रॉड बाहेर ढकलला जातो तो जवळपास साडेअकरा टनांच्या जोरानं. आत ओढताना मात्र पिस्टनच्या त्या बाजूची जागा ५० मिलिमीटर जाडीच्या रॉडनंच अडवलेली असते, त्यामुळे तोच दाब तिकडून आठ टनच देतो. बंद भांड्यातल्या द्रवावर दिलेला दाब सगळीकडं सारखाच पोचतो, हे ब्लेझ पास्कालनं सतराव्या शतकात मांडलं. १७९५ मध्ये जोसेफ ब्रामानं त्यावर दाबयंत्राचं पेटंट घेतलं. आपल्या बांधावरचं यंत्र त्याच घराण्यातलं.

साडेअकरा टन म्हणजे घाबरण्यासारखा आकडा वाटतो, पण रॉडला तो काहीच नाही. साध्या मध्यम-कार्बन पोलादाचा चौरस मिलिमीटर ३५ किलोपर्यंत कायमचा न दबता सोसतो. ५० मिलिमीटरच्या रॉडचा छेद १,९६३ चौरस मिलिमीटरचा. गुणाकार ६८ टनांवर जातो. म्हणजे लोडनं रॉड चेपायचा तर असे सहा सिलिंडर एकावेळी लावावे लागतील.

पण लांब, सडपातळ वस्तू चेपून मोडत नाही, आधी ती बाजूला फाकते. कडब्याची पेंढी बांधताना एखादं धाट उभं धरून दाबून पाहा. चिमटीत दोन बोटांएवढा तुकडा असेल तर दबत नाही, हातभर असेल तर लगेच कमान धरतो. या कमानीचा हिशेब लेओनहार्ड ऑयलरनं १७४४ मध्ये मांडला, हायड्रॉलिक यंत्रं जन्मायच्या कितीतरी आधी. त्याचं सूत्र इथं लिहीत नाही, त्याचा स्वभाव सांगतो. लांबी दुप्पट झाली की सोसण्याची ताकद चौथाईवर येते. जाडी दुप्पट केली की ताकद सोळापट होते. आपल्या ५० मिलिमीटरच्या रॉडला लावून पाहिलं तर दोन पिनांमधलं अंतर १ मीटर असताना तो सुमारे ६३ टनांवर फाकेल, दीड मीटरला २८ टनांवर, २ मीटरला जेमतेम १६ टनांवर. प्रत्यक्षात अर्धी लांबी जाड नळीची असते म्हणून आकडा थोडा वर जातो. तरी रॉड पूर्ण बाहेर आलेला असताना यंत्र सर्वांत नाजूक असतं, एवढं यातून कळतं. आणि कुणी पैसे वाचवायला ५० ऐवजी ४० मिलिमीटरचा रॉड बसवला, तर पाचवा हिस्सा जाडी कमी करून ६० टक्के ताकद घालवली. हा सौदा मी डोळ्यांनी पाहिलेला आहे.

एवढं होऊनही साडेअकरा टन सोळांपेक्षा कमीच. मग वाकला कशानं?

मिस्त्री खडू घेऊन रॉडच्या पाठीवर वाकले. मधोमध, बोटभर रुंदीत, क्रोम खरवडलेलं होतं आणि त्या खरवडीत राखाडी भुकटी बसलेली. त्यांनी ती नखानं काढून ऑपरेटरच्या तळहातावर ठेवली.

"हे काय हाये?"

ऑपरेटर हसला. "गोटा होता मामा. खड्ड्याच्या कडंला. दिसलाच नाही. बकेट गुंडाळून बूम वर घ्यायलो होतो."

म्हणजे असं. आपला जवळपास सगळा मराठवाडा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याच्या थरांवर बसला आहे. थंड होताना या काळ्या दगडाला उभ्या-आडव्या भेगा पडल्या, भेगांतून पाणी शिरलं, आणि प्रत्येक ठोकळा बाहेरून आत कांद्यासारखा पापुद्र्या-पापुद्र्यानं कुजत गेला. कोपऱ्यांवर पाणी तीन बाजूंनी पोचतं, म्हणून कोपरे आधी जातात आणि मधला गाभा गोल होतो. कुजलेला भाग म्हणजे आपला मुरूम, न कुजलेला गाभा म्हणजे गोटा. मुरूम बकेटला ताकासारखा मऊ लागतो आणि गोटा पोलादाला जुमानत नाही. दोन्ही एकाच भिंतीत, एकाच रंगाच्या धुळीनं माखलेले. बकेट गुंडाळलं, म्हणजे आत वळवलं, की त्याचा रॉड पूर्ण बाहेर येतो. तशा अवस्थेत बूम, म्हणजे खोदकामाचा मोठा हात, वर उचलला आणि रॉडची पाठ भिंतीतून डोकावणाऱ्या गोट्याखाली अडकली. बूमच्या सिलिंडरला काय कळणार? तो आपला उचलत राहिला.

इथं सगळा हिशेब उलटतो. तोच ५० मिलिमीटरचा रॉड १ मीटर अंतरावर दोन ठोकळ्यांवर आडवा ठेवा आणि मधोमध दाबा. कायमचा वाकायला सुरुवात होते ती पावणेदोन टनांतच. उभा अकरा टन सहज झेलणारा आडवा दोन टनांना शरण येतो. या धंद्यातले बहुतेक वाकडे रॉड असेच आडव्या मारानं आलेले असतात. जॅक, म्हणजे यंत्र जमिनीला टेकवायचे पाय, पूर्ण वर न घेता गाडी पुढं काढली, की जॅकचे रॉड जातात. पुढचं बकेट पूर्ण पालथं करून उलट्या गिअरमध्ये माती ओढली, की त्याचे रॉड जातात, कारण तेव्हा तेही पुरे बाहेर असतात. आणि लिव्हर मधे असताना सिलिंडरातलं तेल कोंडलेलं असतं. १८० किलोच्या दाबाखालीही ते आकारमानात जेमतेम एक टक्का घटतं, त्यामुळे धक्का गिळायला तिथं कुणीच नसतं.

वाकलेला रॉड तसाच चालवावा असं ऑपरेटरच्या मालकाचं मत होतं. दोन दिवस चालवलाही होता. यात धोका तेल गळण्याचा आहेच. ग्लँडमधलं, म्हणजे रॉड बाहेर येतो त्या तोंडातलं, सील एका बाजूनं घासतं, दुसऱ्या बाजूनं फट सोडतं. (होजमधून किंवा सीलमधून बारीक फवारा दिसला तर तिथं हात फिरवून पाहू नका. पुठ्ठा धरा. या दाबाचं तेल कातडीतून आत शिरतं, वर टोचल्याएवढी खूण दिसते आणि बोट कापायची वेळ येते.) पण गळतीपेक्षा वाईट म्हणजे वाकानं वाक वाढतो. सरळ रॉडमधून जोर मधोमध जातो. वाकलेल्यात तो वाकाएवढा बाजूला पडतो आणि दर ढकलीला कमान आणखी ताणतो. आपल्या रॉडचा वाक ३ सेंटिमीटरच्या आसपास गेला, की सिलिंडरचा स्वतःचा जोरच तो पुढं वाढवायला पुरतो. मग गोट्याची गरज उरत नाही.

मिस्त्रींनी रॉड दोन व्ही-ब्लॉकवर, म्हणजे खाचेच्या ठोकळ्यांवर, ठेवला, मधे बारीक फरक मोजणारा काट्याचा डायल लावला आणि हातानं सावकाश फिरवला. काटा दोन वेढे फिरूनही थांबेना, तेव्हा त्यांनी डायल काढून फूटपट्टी घेतली. वाक १२ मिलिमीटर. डायलचा आकडा वाकाच्या दुप्पट येतो, कारण एकदा पोट वर येतं आणि एकदा पाठ. नवशिक्यानं हे विसरलं की रॉड उलट्या बाजूनं वाकवून ठेवतो.

"गॅस लावा की मामा. पाच मिनटात सरळ हुईल."

"हुईल. अन् पाच मिनटात परत वाकडा हुईल."

गॅसचा मोह सगळ्यांना होतो. लालबुंद पोलाद हातानं वळतं हे खरं, पण चांगल्या रॉडची वरची कातडी मुद्दाम तापवून-विझवून कडक केलेली असते, ती तिथं उतरते. तिच्यावरचा क्रोमचा थर २०-२५ मायक्रॉनचा, केसाच्या जाडीपेक्षाही पातळ. तो ४०० अंशांच्या पुढं आपला कडकपणा सोडायला लागतो. वर कुणी घाईनं पाणी ओतलं तर तेवढाच भाग काचेसारखा ठिसूळ.

म्हणून थंडच, प्रेसखाली. पोट वर, खाली दोन टेकू, मधे तांब्याचा तुकडा. मिस्त्रींनी दांडा मारायला सुरुवात केली. रॉड ५ मिलिमीटर खाली गेला. त्यांनी व्हॉल्व्ह सोडला, रॉड होता तिथं परत आला. मला वाटलं प्रेस बिघडला. पण ते पहिले पाच-साडेपाच मिलिमीटर फुकटच जायचे असतात. तेवढ्यापुरतं पोलाद स्प्रिंगसारखं ताणलं जातं आणि सुटतं. त्याच्या पलीकडं नेलं तरच काही पदरात पडतं, आणि सोडल्यावर ते फुकटचे पाच परत जातातच. म्हणून रॉड सरळ करायचा तर सरळ रेषेच्या खाली, उलट्या बाजूला वाकवावा लागतो. किती, हे त्या मिस्त्रींना हाताला कळत होतं. दाब, सोड, मोज. पुन्हा दाब.

पोलाद कायमचं वाकतं तेव्हा आत काय सरकतं याचं उत्तर १९३४ मध्ये टेलर, ओरोवान आणि पोलान्यी या तिघांनी आपापलं स्वतंत्रपणे दिलं. स्फटिकात अणूंच्या रांगा असतात आणि त्यात कुठं कुठं एखादी रांग अर्धवटच असते. लग्नाच्या मांडवातली लांबलचक सतरंजी एकदम ओढली तर हलत नाही. पण तिच्यात एक सुरकुती पाडून ती पायानं सारत शेवटपर्यंत नेली, की सतरंजी वीतभर सरकते. त्या अर्धवट रांगा म्हणजे पोलादातल्या सुरकुत्या. वाकवलं की त्या धावतात, एकमेकींत अडकतात, आणि धातू त्या जागी ताठरतो. गंमत म्हणजे हा ताठरपणा एकाच दिशेचा असतो. ज्या बाजूला वाकवलं त्याच्या उलट बाजूला धातू पहिल्यापेक्षा लवकर हार मानतो. म्युनिकच्या योहान बाउशिंगरनं १८८० च्या दशकात हे मोजून दाखवलं. प्रेसखाली ही गोष्ट आपल्या फायद्याची, पण कामावर परत गेल्यावर तीच नडते. सरळ केलेला रॉड पूर्वीच्याच दिशेनं पुन्हा मार खाल्ला तर आता तो उलटा ठरतो आणि नव्यापेक्षा कमी जोरात वाकतो.

चारच्या सुमारास डायलचा काटा चाळीस घरांत आला. म्हणजे ०.४ मिलिमीटर, म्हणजे वाक ०.२. नव्या रॉडलाही मीटरमागं एवढी सूट देतात. ऑपरेटरनं मोबाइल काढून मालकाला सांगितलं, झालं.

"थांब की," मिस्त्री म्हणाले.

त्यांनी रॉड पेट्रोलनं पुसला, लाल रंगाचा फवारा मारला, चहा सांगितला. चहा होईपर्यंत रंग मुरला. मग तो स्वच्छ पुसून वर पांढरा फवारा मारला. पांढऱ्यावर, पोटाच्या बाजूला, वीतभर जागेत आडव्या लाल रेघा उमटायला लागल्या. कुंकवाच्या काडीनं ओढल्यासारख्या, केसाएवढ्या. पोलाद ताणलं गेलं पण वरचं क्रोम ताणता येत नाही, ते तडकतं. नुसतं क्रोमच तडकलं असतं तर घासून नवा थर देता आला असता, पण दोन रेघा बोटानं पुसल्या तरी पुन्हा पुन्हा रंग सोडत होत्या. तडा खाली पोलादात उतरला होता. तसाच बसवला असता तर तड्यातून पाणी शिरून क्रोमखाली गंज, मग पापुद्रे, मग नव्या सीलच्या चिंध्या. आणि एखाद्या दिवशी ढकलताना नाही, ओढताना दोन तुकडे.

दोन तासांचं सरळ करणं वाया गेलं असं मला वाटलं. मिस्त्रींना तसं वाटलं नसावं. सरळ केल्याशिवाय खरं कळत नाही, एवढंच ते म्हणाले.

संभाजीनगरहून क्रोमचा तयार बार आला, लेथवर आटे पाडले, जुना डोळा कापून त्याला जोडला. जोडण्याआधी दोन्ही तुकडे २०० अंशांच्या वर तापवले आणि वेल्डिंगच्या कांड्याही भट्टीत कोरड्या केल्या, कारण कांडीतल्या ओलीतून हायड्रोजन पोलादात शिरतो आणि जोड दुसऱ्या दिवशी आपोआप तडकतो. गरम जोड रात्रभर कोरड्या राखेत पुरून ठेवला.

जुना रॉड जालन्याला जायचा. तिथल्या भट्ट्यांत असलं भंगार वितळून सळई होते. पण आठवड्यानं मी शाफ्ट न्यायला गेलो तेव्हा ऑपरेटर त्याचा हातभर तुकडा कापून घेत होता, न तडकलेल्या टोकाचा. बकेटच्या जाम झालेल्या पिना ठोकून काढायला त्याला ठोंब्या हवा होता.